पुदिन्याची काडी

आर्लिस पेटिटची आमच्या टार्लटन तळ्यावर एक ख्याती होती. त्याचा गळ पाणगवतात कधी अडकला नाही, बुडालेल्या झाडांत कधी गुंतला नाही, आणि त्याला मासेही फारसे कधी लागले नाहीत.

आमचं तळं म्हणजे एकेकाळचं रान. धरण बांधलं तेव्हा झाडं तोडायचा कंटाळा केला आणि तसंच पाणी सोडून दिलं. आता खाली खोडं, वर गवत, आणि त्या दोहोंच्या मध्ये टेक्सासातले सगळ्यात माजलेले बास मासे. इथे उघडा गळ टाकणं म्हणजे दोरी तोडून घ्यायला निघणं. म्हणून मऊ रबरी गांडूळ गळावर असं चढवायचं की गळाचं टोक त्या गांडुळाच्याच अंगात लपून राहील. गवताला काही बोचत नाही. मासा चावला की मग जोरात हिसका द्यायचा, टोक रबर फाडून बाहेर येतं आणि त्याच्या जबड्यात बसतं. टोक किती खोल लपवायचं हा मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग. हॉयट क्रम्प्टन ते नुसतं कातडीखाली ठेवायचा, नखानं खरवडलं तर दिसेल एवढं. त्याचे गळ अडकायचे, तुटायचे, तो तळ्याला शिव्या घालायचा आणि मासे घेऊन घरी जायचा. आर्लिस टोक पार पोटात गाडायचा.

वर हिसका द्यायलाही हा माणूस उशीर करायचा. गळ-गांडुळांचं दुकान चालवणारा मर्ल गिऱ्हाइकांसमोर त्याची नक्कल करून दाखवायचा. "बास चावतो, चघळतो, ढेकर देतो, बायकोला सांगून येतो की जेवण झालं माझं. आणि आर्लिस अजून म्हणतोय, थांब, जरा खात्री करून घेऊ दे!" आर्लिस यावर हसायचा. खोटं काय होतं त्यात?

आता एकदा सांगूनच टाकतो. आर्लिसचं डेल्फीनवर प्रेम होतं, आणि डेल्फीन ही हॉयटची बायको. पण आर्लिसचं प्रेम हॉयटच्या लग्नाच्या आधीचं. चर्चच्या मागच्या अंगणात मासे तळायचा मोठा बेत होता, सगळं गाव जमलं होतं, गिटारवाले आले होते. डेल्फीन पिवळा झगा घालून एकटीच उभी होती. आर्लिसनं ठरवलं की नाचायला विचारायचं. मग त्याला वाटलं, आधी तिच्यासाठी थंडगार गोड चहा आणावा आणि मग विचारावं. चहा घेऊन तो परतला तेव्हा ती हॉयटबरोबर नाचत होती. दोन्ही ग्लास त्यानं स्वतःच प्यायले.

पुढे हॉयट त्याचा जिवाभावाचा दोस्त झाला, हे विशेष. दर शनिवारी तळ्यावर जोडीजोडीनं मासेमारीच्या शर्यती होत, त्यात दोघे एका बोटीत. बोट हॉयटच्या धक्क्याला बांधलेली असायची आणि दोघांच्या गळाच्या काठ्याही तिथेच. पहाटे आर्लिस पोचायचा तोवर काठ्या तयार असत, गाठी मारलेल्या, गांडुळं चढवलेली. आमच्याकडे कुणी कुणाची काठी अशी बांधून देत नाही. पोराला देतील, फार तर नवी नवरी असेल तर तिला. बाप्या माणसानं बाप्या माणसाची काठी बांधायची म्हणजे जरा अतीच जवळीक झाली, म्हणून आर्लिसनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि बांधलेली कशी, तर अगदी त्याच्या मनासारखी. गांडूळ सरळ रेषेत, टोक खोल पोटात.

आणखी एक गोष्ट होती. गांडुळाच्या पुढे दोरीत शिशाची छोटी गोळी असते. ती सैल राहिली तर गवतात गोळी एकीकडे आणि गांडूळ दुसरीकडे जातं, म्हणून गोळीच्या भोकात दात कोरायच्या काडीचं टोक खुपसून मोडतात. आर्लिसच्या काठीवरची काडी पुदिन्याच्या वासाची असायची. पहाटे गाठ तपासली की तो वास बोटांना लागायचा आणि दुपारपर्यंत टिकायचा. हॉयट गेल्या वसंतात गेला. त्यानंतर एकदा किराणा दुकानात कुणीतरी पुदिन्याचं च्युइंगगम फोडलं आणि आर्लिस तिथेच मक्याच्या पिठाच्या पोत्यांसमोर रडायला लागला. लोक म्हणाले, मैत्री असावी तर अशी.

आता डेल्फीन निघाली होती. घर विकलं होतं, सामानाचा ट्रक पुढे गेला होता, ती स्वतः मागून गाडीनं मुलीकडे, डार्लाकडे, डेन्व्हरला जाणार होती. कायमची. वर्षभर आर्लिस दर रविवारी तिच्या ओसरीवर जाऊन बसत होता. कधी पन्हाळी दुरुस्त करून दे, कधी पीच आणून दे. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि दर रविवारी ते पुढच्या रविवारवर जात होतं. आता रविवारही संपले होते.

तिनंच विचारलं. "जायच्या आधी एकदा मला तळ्यात ने, आर्लिस. हॉयटनं कधी नेलं नाही. बाई बोटीत आली की मासे रुसतात म्हणायचा. इतकी वर्षं मी माशांचा नुसता वास घेतलाय."

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तो मर्लच्या दुकानात गांडुळं घ्यायला गेला. जांभळ्या रंगाची, निळी चमक असलेली पिशवी त्यानं उचलली.

"कुणाला नेतोयस?" मर्लनं विचारलं.

"डेल्फीनला. गळ टाकायला शिकायचंय तिला."

मर्लनं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आर्लिस, आज तरी ढेकराची वाट बघू नकोस."

आर्लिसचे कान लाल झाले. दात कोरायच्या साध्या काड्यांची डबीही त्यानं घेतली आणि बाहेर पडला.

डेल्फीन हॉयटची जुनी टोपी घालून धक्क्यावर उभी होती. केस आता पांढरे, पण उभी राहण्याची तऱ्हा तीच, एक पाय जरा पुढे. आर्लिसनं बोट बुडालेल्या सायप्रसच्या खोडांत नेली आणि इंजिन बंद केलं. काठावर डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. शिकवायला मिळालं म्हणून त्याला बरं वाटत होतं. शिकवताना माणसाला दुसरं काही बोलावं लागत नाही.

"हे बघ. आधी गळ गांडुळाच्या शेजारी धरून मोजायचा. टोक कुठून बाहेर यायचं ते आधी ठरवायचं. जरा वाकडं गेलं की पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि दोरीला पीळ पडतो."

"मोजायचं," ती म्हणाली. "तू सगळंच आधी मोजतोस का रे?"

"सवय आहे."

"आणि मोजून झालं की?"

"मग डोक्यातून टोक आत घालायचं, थोडं पुढे न्यायचं, खालून बाहेर काढायचं. आता गळ..."

'अर्धा फिरव' असं तो म्हणेपर्यंत तिच्या अंगठ्यानं गळ अर्धा फिरवलाही होता. किती पटकन शिकली, असं त्याला वाटलं. आपण शिकवतो बरं, असंही वाटलं.

"टोक किती आत?" तिनं विचारलं.

"पूर्ण. दिसता कामा नये."

"हॉयट तर नुसतं कातडीखाली ठेवायचा."

"हॉयटचं वेगळं होतं."

"हो," ती म्हणाली. "हॉयटचं वेगळं होतं."

त्यानं काड्यांची डबी पुढे केली. तिनं एक काडी घेतली, नाकाशी नेली. "साधीच आहे ही."

"काडीला वास कशाला हवा?" तो हसला. आणि मग, बोटीत तिसरं कुणी नव्हतं म्हणून असेल, इतकी वर्षं न बोललेलं बोलून गेला. "हॉयट माझ्या काठीला पुदिन्याची लावायचा. दर शनिवारी. कुणाला सांगू नकोस, पण त्या वासावाचून फार चुकल्यासारखं होतं मला."

डेल्फीनचा हात थांबला. "हॉयट लावायचा?"

"मग आणखी कोण?"

ती तोंड फिरवून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. आर्लिसला वाटलं, नवऱ्याची आठवण आली. मेलेल्या माणसाचं नाव काढलं म्हणून त्यानं मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या हाणल्या. मग तिनं काडी गोळीत खुपसली, कट्कन मोडली आणि गळ खोडांच्या मधल्या फटीत बरोबर टाकला.

ऊन कलायला लागलं. ती काठीचं टोक हळूच उचलायची, पुन्हा खाली करायची, रबरी गांडूळ तळाशी गवतातून सरकत राहायचं. आर्लिस मागे बसून तिच्या मानेकडे बघत होता. उद्या या वेळी ही टोपी, ही मान, हा आवाज टेक्सासात नसणार. आज संध्याकाळनंतर आपण कुणासाठी दाढी करणार, असा एक वेडा विचारही त्याच्या मनात आला. आणि तो बोलला. हळू बोलला, पण बोलला.

"डेल्फीन, जाऊ नकोस."

नेमकी तेव्हाच तिची काठी थरथरली. "थांब! काहीतरी टकटक करतंय. काय म्हणालास?"

ती मान वळवून त्याच्याकडे बघत होती. खालून मासा टकटक करत होता. ते वाक्य पुन्हा म्हणायला आर्लिसला एका श्वासाएवढीच सवड होती.

"ढील गुंडाळ म्हणालो," आर्लिस म्हणाला. "काठी खाली कर, ढील गुंडाळून घे आणि मग हिसका दे."

ती अजून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं काठी खाली केली, रीळ दोनदा फिरवलं आणि असा हिसका दिला की बोट हलली. काठी वाकली. पाणी फुटलं आणि एक जाडजूड बास बाहेर उडून पुन्हा गवतात घुसला. ती ओरडली, हसली, तिच्या हॉयटनं तळ्याला घातली असती तशी एक शिवीही तिनं घातली. आर्लिसनं खालचा ओठ पकडून मासा वर काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं, बघितलं आणि पाण्यात सोडून दिलं.

"एवढंच म्हणाला होतास?" हात पुसता पुसता तिनं विचारलं.

"हो. एवढंच."

धक्क्यावर उतरताना ती म्हणाली, "ती पिशवी ठेवून जा माझ्याकडे. आठवण म्हणून. तुझी जुनी काठी अजून आमच्याच खोपटात पडलीय, ती उद्या घेऊन जा. उजाडल्यावर निघणार आहे मी. येशील ना?"

"बघतो," आर्लिस म्हणाला.

'बघतो' म्हणे! अशा माणसाचं करायचं काय, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो आपल्या घराच्या काठावरून बोट घेऊन तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेला. तिची गाडी वळणावर दिसेनाशी होताना बघायची हिंमत त्याच्यात नव्हती. गळ टाकलाच नाही. सकाळभर तो बोटीत बसून राहिला, थर्मासमधली कॉफी तशीच थंड झाली. दुपार झाली, ती आता नक्की गेली असणार असं पटलं, तेव्हा तो घरी आला.

त्याची जुनी काठी त्याच्याच ओसरीवर, दाराला टेकवून ठेवलेली होती. म्हणजे ती येऊन गेली होती. तिनं दार वाजवलं असेल. थांबलीही असेल.

त्यानं काठी उचलली. नव्या दोरीला जांभळं गांडूळ चढवलेलं होतं, निळ्या चमकेचं. कालच्या पिशवीतलं. त्यानं ते उजेडात धरलं. दोरीइतकं सरळ, कुठे बाक नाही. असं सरळ गांडूळ त्यानं आयुष्यात एकाच माणसाच्या हातचं पाहिलं होतं, आणि तो माणूस जाऊन वर्ष झालं होतं. त्यानं सवयीनं गाठ तपासली, गोळी तपासली, आणि सवयीनंच बोटं नाकाशी नेली.

पुदिना.

आर्लिस ओसरीच्या पायरीवर बसला. ते सगळे शनिवार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. सगळ्या पहाटा, सगळ्या गाठी. हॉयट नव्हताच तो. हॉयटला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती, हे काय आर्लिसला ठाऊक नव्हतं? आणि काल बोटीत तो तिला शिकवत होता. मोज म्हणत होता. टोक कुठून काढायचं ते सांगत होता. ती मुकाट ऐकत होती.

एकच गोष्ट निराळी होती. त्याच्या काठीवर टोक नेहमी खोल पोटात गाडलेलं असायचं. या खेपेस ते जेमतेम कातडीखाली होतं. पातळ रबरातून ते चमकत होतं.

तो उठला, आत गेला आणि त्यानं फोन लावला. कॉफी गरम करावी, आधी जरा नीट विचार करावा, असलं काही त्याला सुचलं नाही.

"हां, आर्लिस," ती म्हणाली. मागे ट्रकांचा आवाज होता. "विचिटा फॉल्सला पेट्रोल भरतेय."

"त्या काड्या," तो म्हणाला.

पलीकडे तिनं पेट्रोलचा पाइप खटकन जागेवर अडकवला.

"हॉयटला पुदिन्यानं शिंका यायच्या," ती म्हणाली. "डबी घरात ठेवू द्यायचा नाही. मी शिवणाच्या पेटीत ठेवायचे."

"मला वाटायचं..."

"तुला काय वाटायचं ते काल कळलं. बोटीतून उडी टाकावीशी वाटली मला."

"पण मग तू बोलली का नाहीस, डेल्फीन?"

"मी? मी दर शुक्रवारी स्वैपाकघराच्या टेबलाशी बसून बोलतच होते की!" तिचा आवाज चिरकला. मग ती सावरली. "त्याला काठ्या बांधायचा कंटाळा. म्हणायचा, तुला आवडतं तर तूच कर. आवडायचंच मला. त्याचं काही कमी केलं नाही हं मी. चांगला होता तो."

"चांगला होता," आर्लिस म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

"काल काय म्हणाला होतास तू? ढील गुंडाळ?"

"जाऊ नकोस म्हणालो होतो."

"ऐकलं होतं मी. कान शाबूत आहेत माझे. पुन्हा म्हणशील म्हणून विचारलं."

आर्लिसनं डोळे मिटले. "आता म्हणतो. परत ये."

"घर विकलंय, वेड्या. सामान डार्लाकडे पोचलंसुद्धा."

"सामानाचं कुठे विचारतोय मी?"

ती रडतेय हे त्याला कळत होतं, आणि आपणही रडतोय हे तिला कळलं तरी त्याला चालणार होतं.

"डार्लाला बाळ होणार आहे," ती म्हणाली. "शब्द दिलाय मी तिला. गाडी मागे नाही वळवणार, आर्लिस. काल वळवली असती. आज सकाळी तुझ्या दारातूनही वळवली असती."

स्वैपाकघराच्या खिडकीतून तळं दिसत होतं आणि पाण्यावर एकही बोट नव्हती. आयुष्यभर ज्या वाक्याची भीती बाळगली ते बोलून झालं होतं. त्यानं त्याचा जीव गेला नव्हता, पण ती दूरच होती आणि आणखी दूर चालली होती.

"ऐकतोयस का?" ती म्हणाली. "डार्लाच्या घरामागे तळं आहे म्हणे. बास आहेत. डोंगरातलं पाणी, स्वच्छ, तळ दिसतो. गवताचं नाव नाही."

"मग तिथे टोक लपवायची गरजच नाही," आर्लिस म्हणाला. बास आणि पाण्याचं निघालं की तो असाच बोलायचा, विचार न करता. बोलून गेल्यावर आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं.

"नाहीच," डेल्फीन म्हणाली.

त्यानं दाराशी ठेवलेल्या काठीकडे पाहिलं. बोटांना अजून वास होता. "किती लांब आहे ते?"

"दोन दिवस. तू चालवलीस तर चार."

"तीन," आर्लिस म्हणाला.